ताटाची डावी बाजू

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई विचारतात, "तुम्ही कुठे होतात नोकरीला?" मी सांगते, वृद्धाश्रमांत. लगेच त्यांचा चेहरा हळवा होतो आणि त्या म्हणतात, "किती मोठी सेवा हो!" मी म्हणते, "सेवा कसली, पगार घेत होते." मग त्या जरा नाराज होऊन मठ्ठ्याकडे वळतात. त्यांची चूक नाही. वृद्धाश्रम म्हटलं की लोकांना पलंगाच्या कडेला बसून कपाळावरून हात फिरवणारी बाई दिसते. माझं काम तसं नव्हतं. आत राहणाऱ्यांपैकी कोणाला बाहेर काढता येईल, हे मी सांगायचे.

"बाहेर काढणं" ऐकायला वाईट, म्हणून कागदोपत्री त्याला "पर्यायी निगा" म्हणत. आमच्या ट्रस्टचे पुण्याच्या आसपास काही आश्रम होते. जागा थोड्या आणि दाराशी ताटकळणारे खूप. त्यांतल्या कित्येकांना खरोखरच कोणी नसायचं. आणि आत काही जण असे असायचे, की जे गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते म्हणून आले होते आणि नंतर न्यायला कोणी फिरकलंच नव्हतं. अशा एकेकाजवळ बसून बघायचं. हा माणूस घरी राहू शकेल का? एकटा, की दिवसभराची बाई ठेवून? मुलाकडे राहून दिवसा एखाद्या केंद्रात येऊ शकेल का? की याला आता अंथरुणाशी माणूस लागतो, अशा ठिकाणी हलवायला हवं? माझं शिक्षण समाजकार्याचं. आधी दवाखान्यात होते, तिथे डॉक्टरांच्या मागे फिरून शरीराचं थोडंफार शिकले. बाकीचं म्हाताऱ्यांनी शिकवलं.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे विचारायचं नाही, बघायचं. "तुम्हाला स्वयंपाक जमतो का?" असं आजींना विचारलं की उत्तर ठरलेलं, "न जमायला काय झालंय?" आणि "मुलाकडे जायचंय का?" असं विचारलं की, "त्याची सोय बघायला हवी ना." म्हणजे पहिल्या प्रश्नाला अभिमान उत्तर देतो आणि दुसऱ्याला भिडस्तपणा. म्हणून आम्ही चहा करायला सांगायचो. चहात सगळं येतं. आधी पाणी की आधी पावडर, गॅस किती मोठा, उतू जाताना लक्ष जातं का, चिमटा हाताला येतो का आणि शेवटी गॅस बंद होतो का. आजीबाईंच्या बाबतीत ही परीक्षा चोख चालायची.

आजोबांच्या बाबतीत मात्र पंचाईत. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ ओट्यासमोर पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "बाई, आधी आईनं, मग बायकोनं आणि मधल्या वेळात कॅन्टीनवाल्यानं मला गॅसजवळ जाऊ दिलेलं नाही. तुम्ही यावरून माझ्या मेंदूबद्दल काही लिहिणार असाल, तर आधी मला एकदा शिकवा." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या पिढीतले निम्मे पुरुष चहाच्या परीक्षेत नापास व्हायचे आणि त्याचा आजाराशी काही संबंध नसायचा. तेव्हापासून मी पुरुषांना दाढी करायला सांगू लागले. दाढीसुद्धा चहासारखीच सगळं सांगते. पाणी, साबण, ब्रश, रेझर हा क्रम, हाताची थरथर, आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू.

दोन्ही बाजूंचं सांगते, कारण पुढे त्याचंच काम आहे. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला, की काही माणसांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. डोळे धड असतात, तरी डावीकडचं दिसत नाही म्हणण्यापेक्षा तिकडे काही आहे हेच सुचत नाही. बोलणं मात्र शाबूत राहतं. असा माणूस उजव्या गालाची दाढी करतो आणि समाधानानं टॉवेल खांद्यावर टाकतो. ताटातलं उजवीकडचं जेवतो आणि "आज एवढंच वाढलंत?" असं विचारतो. आपल्याकडे ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती सगळी जशीच्या तशी राहते.

सोपानअण्णांची आणि माझी गाठ या डाव्या बाजूनंच घालून दिली.

आमचा एक आश्रम खडकवासल्याच्या वाटेवर होता. तिथून मला निरोप आला, की एका रहिवाशाचे चिरंजीव वडिलांना घरी न्यायला तयार आहेत, मूल्यमापन करून टाका. हे वाक्य आमच्याकडे सणासुदीसारखं क्वचित यायचं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली. चिरंजीव राजेंद्र फाटकाशीच उभे होते. मूळ हडपसरचं शेतकरी घराणं. गाव शहरात गेलं, मळा बिल्डरला गेला आणि मळ्याच्या जागी बारा मजली इमारत आली. इमारतीचं काम चालू असताना आई वारली, वडील घसरून पडले, भाड्याच्या घरात जिना होता, म्हणून सहा महिन्यांसाठी त्यांना इथे ठेवलं. त्याला आता चार वर्षं झाली होती.

"मॅडम, आता आमच्याकडे लिफ्ट हाय, अण्णांना सेपरेट रूम हाय, एसी हाय," राजेंद्र म्हणाले. "पोराचं लग्न जमतंय. पाहुणे विचारत्यात, आजोबा कुठंयत? काय सांगायचं त्यांना?"

मी म्हटलं, "खरं सांगायचं."

"तेच म्हणतो मी. तेवढं तुमचं सर्टिफिकेट झालं की घेऊन जातो." त्यांना माझा टोला कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो सोडून दिला. माणूस वाईट नव्हता. गाडीत मागच्या सीटवर नवी उशी आणि शाल घडी करून ठेवलेली मी पाहिली.

अण्णा पलंगावर बसले होते. उंच, हाडापेरानं मजबूत, मिशी भरघोस, धोतर स्वच्छ. मी नाव सांगितलं, त्यांनी हात जोडले. महिना विचारला, त्यांनी चुकीचा सांगितला. गाव विचारलं, "ध्यानात न्हाई." मुलाचं नाव विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "हाय काहीतरी." दारात उभ्या असलेल्या राजेंद्रांचा चेहरा उतरला. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मग दाढी. अण्णांनी ब्रश फिरवला, रेझर घेतला, उजवा गाल गुळगुळीत केला आणि डावा फेसासकट तसाच ठेवून तोंड पुसायला घेतलं. मी मनात म्हटलं, अरे देवा. एवढं ठळक लक्षण मी पुस्तकातच पाहिलं होतं. त्यांच्या फाइलीत पक्षाघाताची नोंद नव्हती, पण नोंद नसणं आमच्याकडे नवीन नव्हतं. एकच गोष्ट खटकली. अर्धा चेहरा विसरणाऱ्याला आपण काही विसरलोय याचा पत्ताच नसतो. अण्णा मात्र टॉवेलच्या आडून माझ्याकडे बघत होते.

जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "चला, मीही तुमच्याबरोबर जेवते." हेसुद्धा कामाचाच भाग. लांब टेबलावर अण्णा बसले, त्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ, आणि समोर मी. ते गृहस्थ म्हणजे परचुरे सर. शनिवार पेठेत जन्म, शाळेत गणित शिकवण्यात हयात गेलेली, बायको वारलेली, मूल नाही. एक पुतण्या परदेशात, तो सणाला फोन करायचा. सरांना पक्षाघात होऊन गेला होता.

अण्णांनी ताटातली उजवीकडची भाजी संपवली, आमटी संपवली, भाकरी उजव्या अंगानं मोडली. कोशिंबिरीला हात लावला नाही. लिंबू तसंच. मी बघतेय हे त्यांना ठाऊक होतं आणि ते फार मन लावून डावीकडे दुर्लक्ष करत होते. तेवढ्यात आश्रमातल्या मावशी मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. त्या दिवशी तो वाढायचा राहून गेला होता. त्यांनी रीतीप्रमाणे ताटाच्या पार डाव्या कोपऱ्यात, मिठाच्याही पलीकडे चमचाभर ठेचा वाढला आणि त्या पुढे गेल्या.

अण्णांचा हात सरळ तिकडे गेला. भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडाला, तोंडात गेला, आणि मग अण्णा चावता चावता थांबले.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली. शेजारी सरांनी ताटातलं उजवीकडचं संपवून हात आखडता घेतला होता. अण्णांनी स्वतःच्या घासात व्यत्यय न आणता डावा हात लांब केला आणि सरांचं ताट अर्धं गोल फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं. सर म्हणाले, "पुन्हा वाढलं का? माणसाला विचारायची पद्धत असते." आणि कोशिंबीर खाऊ लागले.

अशा रुग्णाचं ताट फिरवायचं असतं, हे आम्ही नातेवाइकांना शिकवतो. ते महिन्याभरात विसरतात. अण्णांचा हात सवयीनं चालला होता. आता मला सगळं कळलं. अण्णांना काहीही झालेलं नव्हतं. ते शेजाऱ्याचा आजार हुबेहूब उचलून माझ्यापुढे मांडत होते, आणि ठेच्यापाशी त्यांचा इलाज चालला नाही. मला हसू आलं ते मी ताकाच्या वाटीत लपवलं.

जेवणानंतर अण्णा मला आवारातल्या नळापाशी गाठून म्हणाले, "बाई, तुमच्या ध्यानात आलंय."

"आलंय."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच. लिवा, म्हातारा येडा झालाय. हितंच पडू द्या मला."

"घरी त्रास आहे का काही? सून बोलते का?"

"न्हाई वो. सून ग्वाड हाय. पोरंबी चांगली. पर मी गेलो तर मास्तरचं कोन करील? रोज दाढी करतो मी त्येची. त्येला वाटतं त्योच करतो. अर्धी त्यो करतो, अर्धी मी करतो, त्येला कळू देत न्हाई. ताट फिरवतो. धोतराचा डावा सोगा लोंबतो त्येचा, चाकात आडकून पडंल त्यो. मावशी किती जनांचं बघत्याल?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला कळत नाही असं मी लिहिलं, तर ते आश्रमापुरतं राहणार नाही. उद्या तुमच्या सहीला कोणी विचारणार नाही. घर तुमच्या नावावर आहे ना?"

शेतकऱ्याच्या जातीला सहीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. नळाचं टपटपणारं पाणी त्यांनी घट्ट बंद केलं आणि म्हणाले, "गेली सही तर गेली. न्हाईतरी आता कशावर करायची ऱ्हायलीय?"

मी पुष्कळ नाटकं पाहिली होती. घरी जायला मिळावं म्हणून ठणठणीत असल्याचं सोंग करणारे खूप असतात. थरथरते हात मांडीखाली दाबून बसतात, तारखा पाठ करून ठेवतात. उलटं सोंग करणारा मी पहिलाच पाहत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला. आमच्या दाराशी रांग लागलेली, आणि ज्याची एसीची खोली वाट बघतेय तो माणूस जागा अडवून बसणार. धडधाकट माणसाला घर बोलवत असेल, तर त्यानं जागा मोकळी करायची, हा ट्रस्टचा नियम होता. मी त्या नियमाच्या बाजूची होते आणि अजूनही आहे.

निघताना सरांनी हाक मारली. त्यांनी मला मुद्दाम खुर्चीच्या उजवीकडे बसायला सांगितलं. "डावीकडे बसलात तर मला वाटेल, तुम्ही गेलात," ते म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "सोपानराव नापास झाले का?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, सर."

"नका सांगू. मी तुम्हाला सांगतो. सोंग आहे सगळं. काल दुपारी माझ्यासमोर तालीम केली. मला विचारत होते, मास्तर, तुम्हाला नेमकं काय दिसत न्हाई? आता मला काय दिसत नाही, ते मला कसं दिसणार? गाढवपणाचा प्रश्न." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माझी दाढी कोण करतं, तेही मला माहीत आहे. डावीकडचं सुचत नसेल, पण गालावर रेझर फिरला की लागतो ना. त्यांना वाटतं मला कळत नाही. वाटू दे."

मी विचारलं, "मग तुम्ही मला हे का सांगताय?"

"कारण त्यांना न्यायला कोणीतरी आलंय," सर म्हणाले. "इथे इतकी वर्षं आहे मी. कोणाला न्यायला आलेलं फार पाहिलं नाही. माझ्यापायी त्यांनी ते परत पाठवायचं, हे मला चालणार नाही. तुम्ही खरं ते लिहा. आणि माझी कीव करू नका, मला सवय नाही."

मी कीव केली नाही. स्कूटर चालू करायला मात्र वेळ लागला, कारण चष्म्याच्या आत पाणी आलं होतं.

मी खरं तेच लिहिलं. सोपानराव सर्व बाबतींत सक्षम, घरी राहण्यास योग्य. खाली एक ओळ वाढवली, की त्यांची स्वतःची इच्छा इथे राहण्याची आहे आणि तिचं कारण शेजारचे रहिवासी आहेत. बैठकीत ट्रस्टच्या मंडळींनी ती ओळ वाचली, माना डोलावल्या आणि नियम सांगितला. आमच्या नमुन्यात जिना, गॅस, संडास, औषधं अशा सगळ्यांसाठी रकाना होता. एखादा माणूस कोणाचं काय करतो, यासाठी नव्हता. सरांना अण्णांच्या घरी ठेवता येईल का, हेही मी चाचपून पाहिलं. राजेंद्र अडखळत "बघू" म्हणाले. सर मात्र एका वाक्यात म्हणाले, "मी लोकांच्या घरी गणपतीत आरतीला जातो, राहायला नाही."

शेवटी मी आमच्याच यादीतला एक पर्याय उलटा वापरला. घरी राहणाऱ्या वृद्धांनी दिवसा आश्रमात येऊन जेवून-खाऊन संध्याकाळी परतायचं, अशी एक सोय आमच्याकडे होती. ती अर्थात ज्यांना सांभाळावं लागतं त्यांच्यासाठी. मी अण्णांचं नाव तिच्यात घातलं. बैठकीत एकांनी विचारलं, "पण हे तर सक्षम आहेत ना?" मी म्हटलं, "म्हणूनच बसनं येतील." हडपसर ते खडकवासला म्हणजे स्वारगेटला बस बदलून दीड-दोन तासांचा प्रवास. सगळे हसले, कोणाला वाटलं नाही की हा माणूस महिनाभर टिकेल. मंजुरी मिळाली.

अण्णा घरी गेले आणि दिवसाआड यायला लागले. राजेंद्र गाडी पाठवायला तयार होते, पण अण्णांना ज्येष्ठांचा पास काढून बसमध्ये भांडायला आवडायचं. मला तर त्यात माझीही सोय दिसली. स्वारगेटच्या गर्दीत योग्य बस पकडून वेळेवर पोहोचणाऱ्या माणसाला आणखी कुठली परीक्षा घ्यायची? पिशवीत रेझर, साबण आणि सुनेनं दिलेला डबा असायचा. डब्यात ठेचा. तो अण्णा सरांच्या ताटात उजव्या हाताला वाढायचे, आणि सर म्हणायचे, "सोपानराव, चटणी डावीकडे वाढतात. खेड्यातले ते खेड्यातलेच." नातवाच्या लग्नाला सर गेले नाहीत, पण आहेराचं पाकीट पाठवलं आणि आत स्वतःच्या अक्षरात आशीर्वाद लिहिला. तो कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात होता.

त्या हिवाळ्यात सर गेले. पहाटे झोपेतच. तो अण्णांच्या येण्याचा दिवस नव्हता. ती खंत मला अजून आहे. रोजची मंजुरी मागायला हवी होती, मी बैठकीत नकाराला घाबरून दिवसाआडची मागितली. आश्रमानं पुतण्याला कळवलं, त्यानं फोनवरून यायला जमणार नाही म्हणून क्षमा मागितली आणि "तुम्ही योग्य ते करा" असं सांगितलं. आश्रमातून अण्णांनाही फोन गेला. त्या दिवशी ते पहिल्यांदा राजेंद्रांच्या गाडीनं आले. त्यांनी सरांची शेवटची दाढी केली, दोन्ही गालांची, असं मावशींनी मला सांगितलं. मी तेव्हा दुसऱ्या आश्रमात होते. विद्युतदाहिनीपर्यंतही अण्णाच गेले.

घरी पाठवलेल्या माणसाला वर्षातून एकदा भेटून यायचं, ही आमची पद्धत. अण्णांची भेट नेमकी दोनेक आठवड्यांनी आली. हडपसरच्या त्या इमारतीत अकराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर राजेंद्र बाहेरच माझी वाट बघत होते. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, बरं झालं आलात. अण्णांना परत एकदा नीट चेक करा. मला त्यांचं डोकं ठिकाणावर वाटत न्हाई."

"का? काय झालं?"

"तुम्हीच बघा."

आत अण्णा बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते. डोक्याचा गोटा केलेला. मिशी नव्हती. मी त्यांना मिशीशिवाय कधी पाहिलं नव्हतं, क्षणभर ओळखू आले नाहीत. दहाव्याला नदीवरच्या घाटावर जाऊन, न्हाव्यापुढे बसून त्यांनी डोकं आणि मिशी उतरवली होती. आई-बाप गेल्यावर, नाहीतर वडीलधारं माणूस गेल्यावर उतरवतात तशी.

राजेंद्र माझ्या मागे उभे होते. "भावकीतले लोक घरी यायला लागले, मॅडम. कोन गेलं, कोन गेलं म्हणून विचारत्यात. ना नात्याचा, ना जातीचा. नव्या सुनेच्या माहेरचे आले, त्यांना काय सांगायचं मी?"

अण्णांनी त्यांच्याकडे वळून न बघता म्हटलं, "सांग, थोरला भाऊ गेला."

नातसून पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. मी अण्णांच्या समोर बसले. रीत म्हणून महिना विचारला, त्यांनी बरोबर सांगितला. तिथीही सांगितली. गावाचं नाव सांगितलं, मळ्याचं नाव सांगितलं. मग मी विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"राजेंद्र," अण्णा म्हणाले. "चांगला हाय. जरा भितो लोकांना."

मी उठले. राजेंद्र दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "काय वाटतं, मॅडम?"

मी म्हटलं, "तपासलं. तुमच्या वडिलांना काहीही झालेलं नाही. त्यांचा भाऊ गेलाय, त्यांच्याजवळ जाऊन बसा."

ते लिफ्टचं बटण माझ्यासाठी दाबायचं विसरून आत गेले. दार लोटलं जाण्याआधी मला दिसलं, त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली आणि अण्णांच्या शेजारी नेऊन ठेवली.